पेटीवरचं पांघरूण: हाताचे टाके, मशीनची टीप की नुसतं दुपदरी कापड?

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी शिवलेलं पांघरूण बाळाच्या अंगावर जात नाही, ते पेटीवर जातं. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, काचेसारख्या पारदर्शक पेटीच्या (इनक्युबेटरच्या) झाकणावर ते टाकतात, आत उजेड कमी जावा म्हणून. गोधडी म्हटलं की आपल्या डोक्यात ऊब येते आणि मग जाड भरण, मऊ अस्तर, दाट टाके असा सगळा बेत त्या उबेभोवती आखला जातो. पण ऊब द्यायला पेटी आहे. तिचं तापमान यंत्र सांभाळतं, बाळाच्या त्वचेला चिकटवलेला सेन्सर त्या यंत्राला मिनिटामिनिटाची खबर देतो. वरून टाकलेल्या कापडाने त्यात ढवळाढवळ न करणं एवढीच अपेक्षा असते.

ही गोष्ट मनात पक्की बसली की हाताने क्विल्टिंग करायचं (म्हणजे वरचं कापड, भरण आणि अस्तर हे थर टाक्यांनी एकत्र बांधायचे), मशीनवर करायचं, की क्विल्टिंगच करायचं नाही, हा निर्णय बराच सोपा होतो. माझं मत आधीच सांगते: वॉर्डात राहून पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या पांघरुणावर हाताचे टाके खर्च करू नयेत. हाताचं काम कुटुंबाकडे कायमच्या राहणाऱ्या वस्तूवर करावं. का, ते पुढे.

पांघरुणाकडून नेमकं काय हवं असतं

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ मुदतपूर्व मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगभरात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली, म्हणजे साधारण दर दहांत एक. 28 आठवड्यांच्याही आत जन्मलेली त्यात थोडीच असतात, पण पेटीत सगळ्यांत जास्त दिवस काढतात ती हीच. त्यांच्या पापण्या पातळ असतात, आणि साधारण 30 आठवड्यांच्या आधी डोळ्यांतली बाहुली उजेड पाहून नीट आकसत नाही. छतावरचे दिवे थेट तोंडावर असले तर डोळे मिटूनही फारशी सुटका नाही. म्हणून झाकण.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. दानाच्या आवाहनांत कधीकधी लिहितात की या पांघरुणामुळे बाळाची दृष्टी वाचते. मुदतपूर्व बाळांच्या पडद्याला होणारा जो विकार आहे, आरओपी, त्यावर उजेड कमी करून काही फरक पडतो का, हे एका मोठ्या चाचणीत तपासलं होतं. बाळांना गॉगल लावून उजेड जवळजवळ बंद केला होता. 1998 मध्ये निकाल आला: विकाराच्या प्रमाणात फरक नाही. तेव्हा पांघरुणाचं काम शांत झोप आणि कमी त्रास, एवढंच समजावं. तेही कमी नाही.

आवाजाचंही तसंच. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1997 मध्ये एनआयसीयूतला आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये असं सुचवलं. जाड भरणाचं क्विल्ट तो आवाज अडवेल असं वाटतं खरं, पण पेटीतला बराचसा आवाज पेटीच्याच पंख्याचा आणि मोटरचा, म्हणजे पांघरुणाच्या आतल्या बाजूचा. बाहेरून येणाऱ्या आवाजापुढे अर्ध्या सेंटिमीटरचं भरण फार काही करत नाही. एक गोष्ट मात्र भरण नक्की करतं. झाकणावर कोणी बाटली ठेवली, पेन आपटलं किंवा बोटांनी टकटक केलं, की आत ते चांगलंच दणदणतं. गादीसारखा थर तो दणका मऊ करतो. म्हणून पातळ भरण असेल तर हरकत नाही, जाड भरणाला मात्र काही कारण नाही.

उजेड अडवायला लागतं घट्ट विणीचं, गडद कापड. शिवायला बसण्याआधी मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरून बघा. बरीच सुंदर फिकट प्रिंट या परीक्षेत नापास होतात, आणि त्यांच्यावर कितीही टाके घातले तरी ती पास होत नाहीत. उलट सुईच्या प्रत्येक भोकातून उजेडाचा बारीक ठिपका दिसू शकतो. अंधाऱ्या खोलीत नवं क्विल्ट दिव्यासमोर धरलं तर हे कळतं, आणि जरा गंमतही वाटते.

आतल्या बाजूचं कापड साधं असावं: पांढरं, राखाडी, फार तर फिकट तपकिरी. नर्स पांघरूण थोडं उचलून बाळाचा रंग बघते. ते निळसर पडलंय का, पिवळं दिसतंय का, फिकं झालंय का. भडक पिवळ्या किंवा लाल अस्तराची झाक त्या नजरेच्या आड येते. हौस बाहेरच्या बाजूला करावी.

हाताचे टाके

आता मुख्य मुद्दा. 90 बाय 120 सेंटिमीटरचं पांघरूण धरा. दोन्ही दिशांनी 5 सेंटिमीटर अंतरावर रेघा आखून चौकटी केल्या, तर कडा सोडून सुमारे 41 मीटर धावदोरा घालावा लागतो. सराव असलेला हात इंचाला 8 टाके घालतो. हिशेब केला तर जवळपास 13 हजार टाके. नवशिक्याचे इंचाला 5 पडतात, तेही वेडेवाकडे, आणि त्यात काही वाईट नाही.

हे काम आवडत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सुई आखूड लागते, ‘बिटवीन्स’ जातीची. 8 ते 10 नंबरची, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मधल्या बोटात अंगुस्तान, दुसरा हात रिंगच्या खाली. सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की लगेच वर वळवायचं, पुन्हा खाली, असे तीन-चार टाके सुईवर चढले की मग दोरा ओढायचा. सुरुवातीची गाठ वर ठेवायची नाही. ती हलक्या झटक्याने कापडातून आत, भरणात ओढून घ्यायची. कापड ‘टक्’ असा बारीक आवाज करतं आणि गाठ दिसेनाशी होते. हा आवाज येईपर्यंत गाठ बसलेली नसते.

पण नेमकी इथेच दवाखान्याशी गाठ पडते. रुग्णालयातली धुलाई घरच्यासारखी नसते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या नियमांनुसार कपडे 71 अंश सेल्सियसवर निदान 3 मिनिटं किंवा 65 अंशांवर 10 मिनिटं राहिले पाहिजेत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या सूचनांत 71 अंशांवर 25 मिनिटं असा आकडा आहे. त्यानंतर मोठ्या ड्रायरची गरम हवा. एकदा नव्हे, प्रत्येक बाळानंतर आणि मध्ये कधी दूध, औषध किंवा आणखी काही सांडलं की पुन्हा.

हाताचा धावदोरा म्हणजे एकच दोरा, कापडातून वर-खाली गेलेला. कुठे तुटला तर दोन्ही बाजूंनी सुटत जातो. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकतात, त्यामुळे तुटलं तरी नुकसान तेवढ्यापुरतं राहतं. सुती भरण पहिल्या गरम धुलाईत आकसतं, वरचं कापड वेगळ्या प्रमाणात आकसतं, आणि ओढाताण होते ती टाक्यांवर. घरच्या क्विल्टला त्यातून येणाऱ्या सुरकुत्या शोभतात. वॉर्डातल्या पांघरुणाच्या मात्र काही धुलायांनी भरणातल्या गाठी वर यायला लागतात, एखाद्या कोपऱ्यात दोऱ्याचा फास लोंबायला लागतो. असा फास लहान बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळाच्या बोटाला केस किंवा धागा आवळला जाणं ही डॉक्टरांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. पेटीवरचं पांघरूण बाळापासून लांब असतं हे खरं, पण तेच पुढे मांडीवर, हातात, घरी जातं.

म्हणजे हाताने करूच नये? करायचं असेल तर मधला रस्ता आहे: मोठे टाके. 8 नंबरचा पर्ल कॉटन दोरा, इंचाला 4 टाके, आणि रेघांत 10 सेंटिमीटर अंतर. वरच्याच आकाराच्या पांघरुणावर हे सगळं मिळून 3 हजारांच्या आसपास टाके होतात, म्हणजे आधीच्या पाव हिश्शाहूनही कमी. दोरा जाड, त्यामुळे टिकतोही. फक्त भरणाच्या पाकिटावर टाक्यांमधलं कमाल अंतर किती चालतं ते वाचून घ्या. काही भरणं 20-25 सेंटिमीटरपर्यंत चालतात, काहींना त्याहून खूप जवळ टाके लागतात, नाहीतर धुतल्यावर आत गोळे होतात.

दोऱ्याच्या गाठी मारून, वर झुपके ठेवून तीन थर जोडायची जी झटपट पद्धत आहे, ती इथे नको. लोंबता झुपका म्हणजे वर सांगितलेल्या फासाला आमंत्रण.

मशीनवरचं क्विल्टिंग

याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आणि हीच त्याची जमेची बाजू. सरळ टिपा, 7-8 सेंटिमीटरवर, सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे घेऊन पक्क्या केलेल्या. एका दुपारी होतं. कडेला दुमडून घातलेली पट्टी दोनदा टीप मारून बसवली की धुलाईला दाद देत नाही. पॉलिएस्टर भरण आकसत नाही, लवकर वाळतं, फक्त त्याचे तंतू कापडाच्या विणीतून हळूहळू बाहेर डोकावतात. सुती भरण घ्यायचं असेल तर वरचं कापड, अस्तर आणि (पाकिटावर चालेल असं लिहिलं असेल तर) भरण आधीच गरम पाण्यातून काढून घ्या.

लोकर मात्र नको. या तापमानात ती आकसून नमद्यासारखी होते.

मशीनच्या क्विल्टला ‘हाताची माया’ नसते असं कोणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. नर्सला मात्र माया टाक्यांत दिसत नसते. पांघरूण उचलायला हलकं आहे का, एका हाताने मागे सारता येतं का, धुऊन आल्यावर तसंच आहे का, हे तिला दिसतं.

क्विल्टिंगशिवाय: दुपदरी कापड

बाहेर गडद सुती कापड, आत फ्लॅनेल. उलट्या बाजू बाहेर ठेवून चारही कडा शिवायच्या, हात जाईल एवढी फट सोडून सुलटं करायचं, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर वरून टीप. मग आडव्या-उभ्या मिळून चार-पाच टिपा, नाहीतर धुतल्यावर दोन थर फुग्यासारखे वेगळे होतात. भरण नाही म्हणून वजन कमी, वाळायला वेळ कमी, आकसण्याची भांडणं कमी. उजेड भरणाच्या क्विल्टइतकाच अडतो, कारण उजेड अडवतं ते वरचं कापड. फ्लॅनेल पहिल्या एक-दोन धुलायांत भुगा सोडतं, म्हणून ते घरीच धुऊन मग शिवावं.

फ्लीस अनेकांना सोपं वाटतं. कड सुटत नाही, शिवणं जवळजवळ नाहीच. पण कृत्रिम धागा उष्णतेने वितळतो, त्यात स्थिर वीज साठते, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या ठिकाणी आगीच्या नियमांत काय बसतं हे ज्या त्या रुग्णालयाने ठरवायचं असतं. विचारल्याशिवाय फ्लीस शिवू नका.

संख्या हवी असेल, म्हणजे एखाद्या विभागाला पुरतील इतकी पांघरुणं द्यायची असतील, तर माझा कौल या दुपदरीलाच. एवढ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या.

तिन्हीला लागू पडणारी मापं

पेट्यांचे आकार एकसारखे नसतात. काहींचं झाकण बाजूने उघडतं, काहींचं पूर्ण छत वर उचललं जातं आणि तीच पेटी उघडा वॉर्मर, म्हणजे वरून ऊब देणारा बिनझाकणाचा पाळणा, बनते. त्यावर खोळीसारखं शिवलेलं पांघरूण अडकून बसतं. माप आणि पेटीचा प्रकार विचारूनच घ्या. विचारायला संकोच वाटत असेल तर सपाट आयत शिवा, कोपरे गोल करून, म्हणजे टोकं चाकांपर्यंत लोंबत नाहीत. बाजूंना हात घालायच्या गोल खिडक्या असतात, तिथूनच किंवा जवळून नळ्या आणि वायरी बाहेर येतात. पांघरूण त्यांच्यावर ओढून बसता कामा नये, आणि पेटीची हवा आत घेणारी जाळी झाकली जाता कामा नये. समोरच्या बाजूला वर दुमडता येईल अशी झडप ठेवली तर नर्स दुवा देईल. बाळ मोठं व्हायला लागलं की दिवस-रात्रीचा फरक कळावा म्हणून बऱ्याच ठिकाणी दिवसा पांघरूण थोडं मागे सारतात. कावीळ झाली की वरून निळ्या दिव्याचा उपचार, तेव्हा पांघरूण पूर्ण बाजूला. थोडक्यात, ते दिवसातून कितीदा तरी हलतं.

बटणं, रिबिनी, मणी, चकत्या, जाळीची लेस नको. नाव भरायचं असेल तर बाहेरच्या बाजूला, सपाट.

मग हाताचे टाके कुठे?

पांघरूण एकाच बाळाचं राहून त्याच्याबरोबर घरी जाणार की वॉर्डात फिरणार, हे विचारा. दोन्ही पद्धती चालतात. घरी जाणार असेल तर चित्र पालटतं. आता ती वस्तू काही धुलायांपुरतीच त्या कडक यंत्रातून जाते, नंतर तिच्या वाट्याला घरची बादली. अशा वेळी हाताचं क्विल्ट द्यायला माझी ना नाही.

त्याहून चांगला पर्याय म्हणजे वेगळी, छोटी गोधडी: 70-75 सेंटिमीटर चौरस, पातळ सुती भरण, इंचाला जमतील तेवढे टाके. पेटीशी तिचा संबंध नाही, त्यामुळे मापांची कटकट नाही. फक्त तिच्याबरोबर एक चिठ्ठी जायलाच हवी: झोपलेल्या बाळाच्या अंगावर ही घालू नये. वॉर्डात बाळाला सतत मॉनिटर लावलेला असतो, घरी नसतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं 2022 चं मार्गदर्शनही हेच सांगतं: बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आणि जवळ सैल पांघरूण, उशी, खेळणी काही नाही. गोधडी जागेपणी जमिनीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला.

ज्यांच्या हातात वेळ थोडा आहे त्यांच्यासाठी आणखी लहान काम: 15-20 सेंटिमीटरच्या कापडी चौकोनांची जोडी. एक आई अंगाशी ठेवते, एक बाळाजवळ, आणि मग अदलाबदल, म्हणजे एकमेकांचा वास मिळत राहतो. नवजात बाळ काही दिवसांतच आपल्या आईच्या दुधाचा वास ओळखून तिकडे वळतं, हे 1975 मध्ये एडन मॅकफर्लेन यांच्या प्रयोगांनी दाखवलं होतं. या चौकोनांना भरण नको, धुवट सुती किंवा फ्लॅनेलचे दोन थर पुरे, आणि कडेने हाताचा एक नीट धावदोरा. शिकणाऱ्याने सुरुवात इथून करावी. तेरा हजार टाक्यांच्या डोंगराकडे बघून सुई खाली ठेवण्यापेक्षा हे बरं.

आणि एक काम असं आहे ज्यात मशीनचा विचारही करू नये असं मला वाटतं. काही बाळं घरी जात नाहीत. अशा आई-वडिलांना बाळाला गुंडाळण्यासाठी आणि नंतर जवळ ठेवण्यासाठी अगदी छोटी पांघरुणं काही रुग्णालयं जपून ठेवतात. 30 सेंटिमीटर चौरस, कधी त्याहून लहान. ती बहुधा पुन्हा धुतली जात नाहीत, कारण धुतलं की वास जातो. इथे टाका किती धुलाया टिकेल हा प्रश्नच उरत नाही. मागितल्याशिवाय पाठवू नयेत, आणि पाठवली तर जोडीने पाठवावीत, एक बाळाबरोबर जायला, एक घरी ठेवायला.

देण्याआधी

रुग्णालय थेट घेत नसेल तर संस्थेमार्फत द्या. 1995 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या प्रोजेक्ट लायनससारख्या संस्था शिवलेली, विणलेली, क्रोशाची सगळी पांघरुणं घेतात. अट एवढीच की ती नवी, घरी केलेली आणि धुता येणारी असावीत. मात्र अशा ठिकाणी दिलेलं पांघरूण मोठ्या मुलाकडेही जाऊ शकतं. एनआयसीयूसाठीच हवं असेल तर तसं आधी बोलून घ्या.

घरात कोणी सिगारेट ओढत असेल किंवा मांजर-कुत्रा असेल तर कापड बंद डब्यात ठेवून काम करा. कापडात धूर आणि केस मुरतात. शेवटची धुलाई बिनवासाच्या साबणाने, सॉफ्टनर न घालता, आणि पूर्ण वाळल्यावर लगेच बंद पिशवीत. कोणतं कापड, कोणतं भरण आणि किती तापमानाला धुतलं आहे ते चिठ्ठीवर लिहा, म्हणजे धुलाईवाल्यांना अंदाज बांधावा लागत नाही. सुया आणि टाचण्या कामाला बसताना मोजा, उठताना मोजा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत पांघरूण पिशवीत घालू नका. तीन थरांत अडकलेली सुई नजरेला दिसत नाही, दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवला तर सापडते.